पायऱ्या नसलेलं दार

पहाटे चारला फिलोमिना हायन्सचा दिवस सुरू व्हायचा. आधी आईचं आवरणं, मग पाव भट्टीत, मग खेकड्याचा कारखाना. ओल्या फरशीवर उभं राहून खेकड्याचे पाय मुळापासून मोडायचे. मनगटाला नेमका पीळ द्यावा लागतो. नुसता जोर लावला तर मांस फाटतं आणि रात्री मनगट सुजतं. नव्या बाया जोर लावतात. फिलोमिना पीळ देई. त्या कमाईवर तिनं खडकावर घर उभं केलं, भाऊ लिअँडर सुतारकामाला होता म्हणून.

घर झालं, पण पुढच्या दाराला पायऱ्या झाल्या नाहीत. दार जमिनीपासून छातीइतकं वर, हवेत. कॅपलिन कोव्ह या मच्छीमारांच्या गावातली निम्मी घरं अशीच. पुढच्या दारानं येतंय कोण? माणूस मागच्या दारानं, न ठोठावता, थेट स्वयंपाकघरात येतो आणि किटली कुठाय ते बघतो.

आईची नव्वदी रविवारी आली. त्या दिवशीही फिलोमिना चारलाच उठली. रात्रभर भिजलेलं खारं मांस चुलीवर चढवलं, त्यात कोबी, सलगम, फडक्यात बांधलेले वाटाणे आणि मनुकांचा गोड गोळा सोडला. दुपारी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. लिअँडर अकॉर्डियन वाजवत होता. आईनं आठवडाभर बजावून ठेवलं होतं, "केक कापला की मी नाचणार. लिअँडरबरोबरच. पुढल्या वर्षाचा काय भरवसा!"

तेवढ्यात टकटक झाली. पुढच्या दारावर, अगदी खालून.

अकॉर्डियन थांबला. "पोलीस," लिअँडर म्हणाला. "नाहीतर इथं ठोठावतंय कोण?"

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मासळीच्या वजनात काटा मारणाऱ्या एका दलालाला लिअँडरनं धक्क्यावरून पाण्यात ढकललं होतं. खटला झाला, तारीख पडली. पण नेमक्या त्याच सकाळी, वर्षातून एकदाच येणारे कॅपलिन मासे किनाऱ्यावर लोटले. लाटेगणिक चांदी! सगळं गाव बादल्या घेऊन वाळूत. लिअँडरला कोर्ट आठवलं तेव्हा मासे खारवून वाळतही पडले होते. न्यायाधीशांनी अटकेचं वॉरंट काढलं.

दार रंगानं चिकटलं होतं. फिलोमिनानं खांदा लावला तेव्हा कुठे उघडलं. खाली कॉन्स्टेबल रेम्पेल उभा, टोपी काखेत, डोकं तिच्या गुडघ्यापाशी. गव्हाच्या सपाट मुलखातून नुकताच बदलून आलेला पोरगा.

"मॅडम, लिअँडर हायन्स इथं आहेत का?"

"अकॉर्डियन ऐकलास ना? मग विचारतोस कशाला?"

"त्यांच्या अटकेचं वॉरंट आहे. बाहेर दिसले तर लगेच धरेन. पण घरात शिरायला न्यायाधीशांची वेगळी परवानगी लागते, ती माझ्याकडे नाही." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही आत घेतलंत तर येतो. नाहीतर इथंच थांबतो. कुणाचा जीव धोक्यात असेल तर गोष्ट निराळी, मग विचारत बसत नाही."

"जीव धोक्यात आहे रे!" आतून कुणीतरी ओरडलं. "शेजारची मॉड गायला उठलीय!"

फिलोमिनाला हसू आलं नाही. "आत ये" हे दोन शब्द तिच्या दातांवर येऊन धडकत होते. दारातल्या माणसाला दुसरं काही म्हणायची तिच्या जिभेला सवयच नव्हती. पण म्हटलं, की आईचा नाच गेला. तिनं ओठ मिटले, आत गेली, आणि दारातून आधी खुर्ची खाली सोडली, मग भरलेलं ताट.

"कोण आहे गं?" आईनं हाक दिली. "आणि बाहेर का जेवतोय? कुत्रा आहे का तो? ये रे पोरा, आत ये!"

रेम्पेल उठून उभा राहिला. "घर तुमचं का, आजी?"

"घर तिचं. खेकडे मोडून बांधलंय तिनं. मी नुसती राज्य करते."

"आजी, तुम्ही चहाला बोलावताय. मी आलोय अटकेला. चहाच्या आमंत्रणावर घुसलो तर न्यायाधीश माझे कान उपटतील." तो पुन्हा बसला आणि मांस कापू लागला.

केक कापला. लिअँडरनं अकॉर्डियन मॉडच्या नवऱ्याकडे दिला आणि आईला उचलल्यासारखं धरून पुढच्या खोलीत आणलं. रेम्पेलला खालून फक्त पाय दिसत होते: लिअँडरचे बूट आणि त्यांच्यामध्ये आईच्या चपला, घसटत, पण तालात. तो काट्यानं ताटावर ठेका धरत होता.

गाणं संपलं तशी आई खुर्चीत टेकली. धाप लागलेली, पण चेहरा उजळलेला. लिअँडरनं तिच्या कपाळाचा मुका घेतला. "बस्स झालं. आपल्या घरचा पाहुणा वाऱ्यात जेवतोय. शोभतं का हे?" आणि दारातून त्यानं उडी मारली. खडकावर गुडघा आपटला.

"लागलं का हो?" रेम्पेलनं त्याला कोपराला धरून उठवलं. "बरं, आता तुम्ही अटकेत आहात. वकिलाशी बोलायचा हक्क आहे तुम्हाला. वकील हवाय?"

"वकील मागाहून. आधी तो गोड गोळा संपव. बहिणीनं पहाटे चारला उठून केलाय."

आता फिलोमिनाच्या दातांवरचा बांध फुटला. "आत ये बाबा! ये आत, दोघंही या! चहा ओततेय."

दोघं मागच्या दारानं आले. रेम्पेलनं ठोठावायला हात उचलला, क्षणभर थांबला, आणि तसाच आत शिरला. किटली कुठाय ते त्यानं स्वतःच बघितलं.

लिअँडर दुसऱ्या दिवशी घरी आला, नवी तारीख घेऊन. त्या तारखेला त्यानं दलालाची माफी मागितली आणि गावच्या धक्क्याच्या फळ्या बदलून देण्याची शिक्षा घेतली. शिक्षा असली तरी फळ्या त्यानं सरळ बसवल्या.

खेकड्याचा हंगाम संपला. शेवटच्या पगारातून फिलोमिनानं लाकूड आणलं, खिळे आणले, पांढरा रंग आणला. लिअँडर पुढच्या दाराला पायऱ्या ठोकू लागला तेव्हा शेजारणी हसल्या, "अगं, चढणार कोण त्या?"

"ज्याला ठोठावावंच लागतं, तो," फिलोमिना म्हणाली. मग भावाकडे वळली, "वरची पायरी रुंद घे रे. खुर्ची आणि ताट, दोन्ही मावलं पाहिजे."