पापडांची साडी

आम्ही कोपरीच्या चाळीत राहत होतो तेव्हा दर एप्रिलमध्ये गच्चीवर उडदाचे पापड वाळत. खाली आईची एक जुनी पांढरी सुती साडी अंथरलेली असे. माझं काम पापड मोजणं आणि कावळे हाकणं. धाकटी बहीण येता-जाता एखादा पळवी, त्यामुळे माझा आकडा कधी जुळला नाही. पापडांच्या तेलाचे गोल मात्र वर्षानुवर्षं साडीवर उमटत गेले.

बहीण पुढे कलाकार झाली. चित्रं, आवाज, कापड, फोटो, सगळ्यांत काम करते. यंदा एका संग्रहालयात तिचं मोठं प्रदर्शन ठरलं. ती डोंबिवलीहून आमच्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटवर आली, कॅटलॉगसाठी त्या साडीचा फोटो काढला आणि साडी पंधरा दिवसांनी नेते म्हणाली.

आईने विचार केला, चार लोक बघणार. तिने साडी सोड्यात उकळली, खळ घातली, इस्त्री केली.

न्यायला आलेली बहीण घडी उलगडून साडी उलटीसुलटी करत राहिली. तिला भिंतीवर ते डागच हवे होते. ती रागावली नाही, साडी घेऊन गेली. पण आईला कळायचं ते कळलं. पुढे कितीतरी दिवस ती एकच म्हणत होती, "पोरीचं काम मी धुऊन टाकलं." प्रदर्शनाला येणार नाही म्हणाली. कॅटलॉग घरी आला, तोही तिने उघडला नाही.

मी उघडला. आत 'सुमारे दोनशे गोल' असं छापलं होतं. मी पेन्सिल घेऊन फोटोतले मोजले. १८७ भरले, तो आकडा समासात लिहिला. त्यातले कोपऱ्यातले अकरा लहान, वाकडे. ते बहिणीचे, आई तिला हौसेला लाटायला देई. मी तिला फोन करून आकडा सांगितला. ती हसली आणि म्हणाली, "दादा, आईला घेऊन ये. ऐकू नकोस तिचं."

आणली. साडी भिंतीवर टांगलेली, पांढरीशुभ्र. शेजारी कॅटलॉग त्याच पानावर उघडा. खाली पाटी होती: 'आईची साडी. सुती कापड, पापडाचं तेल. प्रदर्शनासाठी आईने धुतली.'

आईने पाटी दोनदा वाचली. मग चष्मा वर करून साडीच्या कोपऱ्याशी वाकली आणि शेजारी उभ्या बहिणीला म्हणाली,

"अगं, हा बघ. तुझा एक राहिलाय."

हात लावू नका असं रखवालदार सांगेपर्यंत तिने त्या वाकड्या गोलावर बोट ठेवलंही होतं.

घरी आल्यावर मी कॅटलॉगात १८७ पुढे पेन्सिलीने लिहिलं: पैकी एक शिल्लक.