खासदारांनी सभागृहात माझं नाव घेतलं

ब्रिटनमध्ये कार्डिफला मी डॉक्टर आहे. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात एक आजोबा पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी सुट्टीवर होते. तरी आमच्या खासदारांनी पार्लमेंटमध्ये उभं राहून माझं नाव घेतलं. ‘इंग्रजी न कळणारे डॉक्टर आणले की असंच होणार,’ म्हणाले. मी ते कॅन्टीनमध्ये फोनवर पाहिलं. समोरची कॉफी तशीच राहिली.

नवरा भडकला. ‘कोर्टात खेचू त्याला!’

आम्ही वकील गाठली. सॉलिसिटरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘सभागृहात बोलल्याबद्दल खासदारावर दावा लावता येत नाही. बदनामीचा नाही, भेदभावाचाही नाही.’

‘पण ते खोटं बोललेत.’

‘खोटं असलं तरी.’

‘आणि हेच बाहेर फुटपाथवर बोलले असते तर?’

‘तर दावा लावता आला असता.’

माणूस तोच, शब्द तेच. मला काही उमगेना.

शेवटी शनिवारी मी त्यांच्या सर्जरीला गेले. खासदार लोकांना भेटतात त्यालाही इथे सर्जरीच म्हणतात. लायब्ररीतल्या छोट्या खोलीत त्यांनी उठून मला खुर्ची दिली.

‘मी त्या दिवशी कामावर नव्हते,’ मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. ‘मला चुकीचं सांगितलं गेलं. मी दुरुस्ती करीन.’

‘आणि माझ्या इंग्रजीचं काय? ते आत्ता, इथे सभागृहाबाहेर बोलून दाखवा.’

त्यावर ते म्हणाले, ‘वृद्धांच्या एका केअर होमच्या मालकानं कामाला आणलेल्या केरळच्या मुलींचे पासपोर्ट काढून घेतले होते. मी सभागृहात त्याचं नाव घेतलं. बाहेर घेतलं असतं, तर त्यानं मला कोर्टकचेरीत संपवलं असतं.’

हे खरं होतं. त्यातलीच एक आता आमच्या वॉर्डात नर्स आहे. मी भांडायला गेले होते, पण खुर्ची मागे सारून उठले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सभागृहात सांगितलं, की डॉक्टर त्या दिवशी रजेवर होत्या. इंग्रजीबद्दल चकार शब्द नाही. लगेच रेल्वेचा विषय निघाला.

‘जिंकलो का आपण?’ नवऱ्यानं विचारलं.

‘माहीत नाही रे.’

सोमवारी राउंडनंतर मी त्या नर्सला हे सगळं सांगितलं. तिनं माझा हात धरला. ‘तुमच्याशी ते फार वाईट वागले,’ ती म्हणाली, ‘पण ते बोलले नसते तर मी अजून तिथेच असते.’

मी मान डोलावली. नेमकी कशाला, ते माझं मलाच कळलं नाही.