लाल चौकटीवाला

अन्याय चोपड्याच्या एका अक्कांच्या मुलीवर झाला, गेल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता. तिचा वसतिगृहाचा ऑनलाइन अर्ज 'संमती अपूर्ण' म्हणून बाद झाला. वर वसतिगृहाच्या कार्यालयातले साहेब अक्कांना म्हणाले, "वाचता येत नाही, तर भरता कशाला?"

मायलेकी बसस्टँडसमोरच्या ऑनलाइन अर्जवाल्याकडे आल्या. मी पत्रकं छापायला त्याच्याकडेच जातो, तेव्हाही तिथेच होतो; नाव मात्र कधी विचारलं नाही. माणूस तुसडा. गिऱ्हाइकाला बस म्हणत नाही, पण स्क्रीन कायम गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवून ठेवतो. त्याच्या लॅपटॉपवर एक सोय आहे: बटण दाबलं की वेबपानावरच्या प्रत्येक भरायच्या जागेभोवती लाल चौकट उमटते.

त्याने अर्जाचं तेच पान उघडून बटण दाबलं. तळाशी, पांढऱ्यावर फिक्या राखाडी रंगात दडलेला संमतीचा रकाना लाल चौकटीत उघडा पडला.

"चूक तुमनी नही शे, अक्का. यास्नीच लपाडी ठेयेल शे."

भरदुपारी शटर ओढून, लॅपटॉप काखेत मारून तो आम्हाला कार्यालयात घेऊन गेला. साहेबांसमोर त्याने लाल चौकटी बंद केल्या.

"साहेब, संमती कुठे द्यायची, बोट ठेवा."

साहेबांनी चष्मा पुसला, पान दोनदा वरखाली केलं आणि बोट ठेवलं ते भलत्याच जागी.

"तुम्हाला तर वाचता येतं ना?" अर्जवाल्याने विचारलं.

अर्ज अजून बादच आहे आणि मुदत शुक्रवारी संपते. म्हणून हे पत्रक: त्याआधी ते पान स्वतः उघडा, रकाना शोधा. सापडला नाही, तर कार्यालयात या आणि अक्कांच्या शेजारी उभं राहून तसं लिहून द्या.