एक जूनची पलटण

“सब के सब एक ही दिन पैदा हुए?” कॅप्टनसाहेबांनी दाखल्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला.

१९७२ चा जून. नगरला सैन्यभरती चालू होती आणि मी तिथं क्लार्क होतो. मॅट्रिकचा निकाल नुकताच लागला होता. पावसाचा पत्ता नव्हता, शेतात काम नव्हतं, त्यामुळं पोरांची रांग फाटकाबाहेर गेली होती. धावणं, उंची, छाती झाली की पोरगं माझ्यासमोर यायचं. मी शाळेचा दाखला तपासायचा, वय सतरा पूर्ण आहे का बघायचं. बहुतेकांची जन्मतारीख एकच होती, एक जून.

साहेब पंजाबकडचे, जिल्ह्यात नवे. त्यांना वाटलं, कुणीतरी खोटे दाखले छापतंय. मी समजावलं, “सर, खेड्यात जन्माची नोंद कोण ठेवतो? शाळेत घालताना गुरुजी विचारतात, पोरगा कधीचा? आई सांगते, बाजरी काढायच्या वेळचा. मग गुरुजी अंदाजानं वर्ष धरतात आणि एक जून लावतात. शाळा जूनमध्येच सुरू होते ना.”

“और तुम्हारी?”

“माझीही एक जूनच, सर.”

साहेब हसले नाहीत. दाखल्यावर शाळेचा शिक्का आहे, म्हणजे तो खरा, एवढं म्हणून ते मैदानावर गेले.

दुपारी पारनेरकडचा नामदेव आला. धावण्यात पहिला, छातीही उत्तम. दाखल्यावर तारीख नऊ जुलै, आज अठ्ठावीस जून. सतराला अकरा दिवस कमी. मी फॉर्म बाजूला ठेवला. पोराचा चेहरा उतरला.

बाहेर त्याचा बाप उभा होता. रिटायर नाईक, अजून पाठ ताठ. मला वाईट वाटलं. मी हळूच म्हटलं, “भरती उद्याही आहे. आज हेडमास्तरांना गाठा. बाकीच्यांसारखी एक जून लावून आणा. ते नाही म्हणायचे नाहीत.”

“न्हाई सायब,” ते म्हणाले. “ह्यो झाला तवा मी पठाणकोटला हुतो. भावानं तारीख घालून कार्ड धाडलं, पोरगा झाला म्हनून. शाळंत घालताना त्येच कार्ड गुर्जींना दावलं. त्ये एक जून लावत हुते, मीच लावू दिली न्हाई.”

“आबा, लावू द्यायची हुती की!” नामदेव रडकुंडीला आला होता. “गावातली समदी पोरं आत गेली. मी एकटाच मागं.”

“मग पुढल्या खेपंला जा. पलटणीत पयल्याच दिशी खोटं लिवून जायाचं व्हय?”

मला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर रागही आला. अकरा दिवसांसाठी कोण एवढं ताणतं? शेवटी मीच सवलत मागायला साहेबांकडे गेलो. त्यांनी दाखला पाहिला, बापाकडे पाहिलं आणि मान हलवली. “ग्यारह दिन भी कम हैं तो कम हैं।” बापानं कडक सॅल्यूट ठोकला आणि पोराला घेऊन एसटी स्टँडची वाट धरली.

जिल्ह्यातली पुढची भरती नऊ महिन्यांनी झाली. तोवर नामदेव दुष्काळी कामावर खडी फोडत होता. परत आला तेव्हा हाताला घट्टे होते, बाप सोबत नव्हता. त्याचा फॉर्म मीच भरला. नऊ जुलै लिहिताना तो माझ्या पेनाकडे बघत होता. घेतला त्याला.

पुढं वीस वर्षं मी हेच काम केलं. हजारो जन्मतारखा उतरवल्या. नियम वाईट नसतो, तो फक्त कागद वाचतो. त्या जूनमध्ये आम्ही जी पोरं घेतली, त्यांतल्या बहुतेकांचं खरं वय मला आजही माहीत नाही. ज्याचं पक्कं माहीत होतं, त्यालाच आम्ही घरी पाठवलं.