गुरुवारचं ग्रीस

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. वर्कशॉपमध्ये ते सगळ्यांना माहीत आहे आणि घरी तर आहेच. पण त्या ठकठक आवाजाने माझं डोकं जेवढं उठवलं, तेवढं बहारीनमधल्या बारा वर्षांत दुसऱ्या कशानेही उठवलं नाही.

आमची कंपनी लहान. जनरेटर आणि दिव्यांचे उंच खांब भाड्याने देते. लग्नाचे तंबू, रस्त्याची खोदकामं, कुठल्या तरी नव्या इमारतीचा पाया, जिथे वीज पोचलेली नसते तिथे आम्ही पोचतो. हे सगळं सामान ट्रेलरवर बसवलेलं असतं आणि तीन पिकअप ते ओढत बेटभर फिरतात. पिकअपच्या मागे, बंपरच्या खाली, एक चौकोनी नळी असते. तिला रिसीव्हर म्हणतात. टोकाला लोखंडी गोळा असलेला एक दांडा तिच्यात सरकवायचा, नळी आणि दांडा या दोन्हींच्या आरपार एक आडवी पिन घालायची, पिनेच्या टोकाला क्लिप लावायची मग ट्रेलर त्या गोळ्यावर बसवायचा आणि जोडीला सुरक्षेची साखळी अडकवायची. एवढंच काम. अख्खा जनरेटर बोटाएवढ्या जाडीच्या त्या पिनेवर ओढला जातो. लोकांना इंजिनाचं कौतुक, टायरचं कौतुक. पिन कुठली घेतलीत, असं आजवर मला एकानेही विचारलेलं नाही.

मी वर्कशॉपचा इंजिनियर आणि पिनेच्या बाबतीत कर्मठ. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; भोक पाच सुतांचं असेल तर पिनही पाच सुतांचीच. तिचा दांडा पूर्ण गुळगुळीत हवा, आटे नकोत, कारण आटे म्हणजे भोकाच्या कडेवर दिवसभर चालणारी कानसच. पोलाद कठीण हवं, वर मुलामा हवा, क्लिप घट्ट हवी. दुकानदार मला बघितलं की आतल्या खोलीतून वेगळा डबा काढतो आणि कपाळाला हात लावतो. लावू दे.

आणि माझा दुसरा नेम म्हणजे गुरुवारचं ग्रीस. माझी पहिली नोकरी कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात. तिथल्या फोरमनने आमच्या हाडात एक गोष्ट भिनवली होती. लोखंडाला लोखंड जिथे लागतं तिथे आठवड्याच्या सुटीच्या आदल्या दिवशी ग्रीस लागलंच पाहिजे, मग पाऊस पडो नाहीतर लग्न असो. इथे सुटी शुक्रवार-शनिवारी, म्हणून आमचं ग्रीस गुरुवारी. मी भिंतीवर तक्ता लावला होता. तीन गाड्या, त्यांच्यासमोर रकाने आणि रकान्यात ड्रायव्हरने करायची बरोबरची खूण. खूण नसली की माझा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचा.

पहिली गाडी चाचांकडे होती. चाचा दापोलीकडचे, पंचावन्नच्या पुढचे, उभा जन्म मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रक चालवून तीन वर्षांपूर्वी इथे आलेले. धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण पुरं होईपर्यंत राहायचं आणि मग परत जायचं, असा त्यांचा सरळ बेत. अजून दोन वर्षं बाकी होती. आमच्या वाड्यात, म्हणजे गाड्या लावायच्या उघड्या आवारात, मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यांना इंग्रजी येत नाही आणि अरबी म्हणाल तर यल्ला म्हणजे चला आणि खलास म्हणजे संपलं, एवढीच. मालक बहारीनी, माझ्याशी इंग्रजीत बोलणार. त्यामुळे चाचांची रजा, चाचांची शिफ्ट, चाचांची दाढदुखी हे सगळं माझ्याच तोंडून मालकांपर्यंत जायचं. मला त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

चाचा ग्रीस लावायचे ते अगदी मनापासून. बोटभर गोळा घ्यायचे आणि नळीच्या आत चारी बाजूंनी फासायचे. एकदाही चुकले नाहीत. तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हर मात्र एक नंबरचा कामचुकार. तक्त्यावर खूण करायचा आणि ग्रीसच्या डब्याकडे फिरकायचा नाही. त्याला मी चाचांचा दाखला देऊन किती वेळा झापलं असेल, त्याची गणती नाही.

एकदा चाचांनी मला विचारलं होतं. दोन दिवस वाऱ्याने धुरळा उडवला होता, समोरचं दिसत नव्हतं. गुरुवारी ग्रीसचा डबा हातात धरून ते म्हणाले, "सायेब, ह्या ग्रीसला रेती लय चिकटते. आतमदी करकर वाजतंय. पुसून सुका ठेवू काय?"

"चाचा, तुम्ही गाडी चालवा. ग्रीसचं मी बघतो," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि ग्रीस फासलं.

मग चाचांच्या गाडीला तो आवाज सुरू झाला. ब्रेक मारला की ठक, गाडी सुटली की ठक. दांडा नळीत सैल खेळायला लागला होता. मी पिन बदलली, क्लिप बदलली, पुन्हा ग्रीस लावायला सांगितलं. आवाज थोडे दिवस दबायचा आणि परत यायचा. चाचा गाडी आपटवतात, असं माझं ठाम मत झालं. ट्रकवाला माणूस, खड्डा बघत नसेल, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

आणि एका संध्याकाळी चाचांचा फोन आला. "सायेब, बुदैयाच्या रस्त्यावर हाय. ट्रेलर सुटला. साखळीवर लटकलाय. कोणाला लागला नाय."

मी पोचलो तेव्हा रस्त्याच्या कडेला जनरेटर नाक घासून बसला होता आणि मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत होती. पुढे एका लग्नाच्या तंबूत लोक विजेची वाट बघत होते. पिकअपखाली वाकून बघितलं तर भोकात पिनच नव्हती. होता तो चार सुतांचा, अख्खा आट्यांचा, मधोमध तुटलेला बोल्ट. माझ्या वर्कशॉपमधल्या गाडीत! चाचा सांगत होते की सकाळी बघितलं तर पिन गायब, उशीर होत होता, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून बोल्ट घेतला, नट आवळला, क्लिपपेक्षा नट बरा वाटला. मी पुढचं ऐकलंच नाही. रस्त्यावर, चार लोकांदेखत, मी त्या वयाच्या माणसाला नको नको ते बोललो. ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते. ते खाली बघत साखळी सोडवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. माझा रिपोर्ट त्यांच्यापुढे होताच. चुकीचा बोल्ट, ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. मालक शांत माणूस. त्यांनी इंग्रजीत मला म्हटलं, "त्याला विचार, त्याचं काय म्हणणं आहे."

चाचा माझ्याकडे वळले आणि मराठीत सावकाश बोलू लागले. "सायेब, बोल्ट मी लावला, ती माझी चूक. पन त्यांना सांगा, भोकां आधीच मोठी झाली व्हती. दांडा नळीत हलत व्हता. हलून हलून क्लिप निसटली, म्हणून पिन पडली. कोणी चोरली नाय, मी हरवली नाय. मी तुमाला आवाजाचा सांगितला व्हता. ह्ये पन सांगा."

मला त्या सगळ्या सबबी वाटल्या. मी मालकांकडे वळून म्हणालो, "ही ॲडमिट्स द बोल्ट."

एवढंच.

मालकांनी मान हलवली. चाचांचा करार त्याच महिन्यात संपत होता. "रिन्यू करायचा नाही," ते म्हणाले. "खलास." तो शब्द सांगायला दुभाष्या लागत नव्हता. चाचा माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता, हे मला तेव्हा बरं वाटलं. मूर्ख होतो.

दुपारी चाचांच्या गाडीचा रिसीव्हर काढून दुरुस्तीला घेतला. आतलं सगळं ग्रीस डिझेलने धुऊन काढलं आणि ते बोटांवर घेऊन चोळलं. ते ग्रीस राहिलंच नव्हतं. बारीक वाळूने भरलेला काळा लगदा झाला होता, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट असते तसा. नळी आतून आरशासारखी चकचकीत आणि भिंती पातळ झालेल्या. भोकं लांबट, अंड्याच्या आकाराची. तरीही मी मनाची समजूत घालत होतो, की हे बोल्टने झालं, चाचांच्या चालवण्याने झालं. म्हणून दुसरी गाडी घेतली. तिच्यात माझी पाच सुतांची गुळगुळीत पिन होती. तिचीही तीच तऱ्हा. क्लिप अर्धी खाल्लेली, चार दिवसांत तीही निसटली असती.

मग तिसरी गाडी, त्या कामचुकाराची. रिसीव्हर आतून कोरडा ठणठणीत. जरा तांबूस गंज, बाकी भोकं गोल, पिन घातली तर टिच्च बसली. ज्याने माझं ऐकलं नव्हतं, त्याचीच गाडी धड राहिली होती. जुनं न पुसता दर गुरुवारी नवं ग्रीस थापून मी दोन गाड्यांची लोखंडं झिजवली होती. कारखान्यातलं ग्रीस छपराखाली असायचं. इथल्या उघड्या वाळूत ते चालणार नाही, हे माझ्या डिप्लोमा झालेल्या डोक्यात शिरलं नव्हतं आणि चाचांच्या बोटांना ते कळलं होतं.

तरीही मी लगेच मालकांकडे गेलो नाही. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच घडलं. शुक्रवार-शनिवार सनाबिस भागातल्या आमच्या घरात मी कावलेल्या मांजरासारखा फिरत होतो. मुलीने टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून ओरडलो, भाजीत मीठ कमी म्हणून ओरडलो. शेवटी बायकोने मला समोर बसवलं. "अहो, झालंय काय ते एकदा सांगा." मी सगळं सांगितलं. केबिनमधलंही. तिने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "नोकरी गेली तर आपण काही तरी करू. पण त्यांचं बोलणं तुम्ही गिळलंत, त्याचं काय?" मला तिचाही राग आला, कारण ती खरं बोलत होती.

रविवारी मी धुतलेला रिसीव्हर आणि तो काळा लगदा भरलेली बाटली मालकांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. तक्ता माझा, ग्रीस माझं आणि ड्रायव्हरने मला आधी सावध केलं होतं. मालकांनी बाटली उलटीपालटी करून बघितली. "तू इंजिनियर आहेस," एवढंच ते म्हणाले, आणि ते शिवीपेक्षा जास्त लागलं. मला लेखी ताकीद मिळाली. चाचांचा करार चालू ठेवायची त्यांची तयारी होती. "त्याला घेऊन ये. तू भाषांतर कर."

मी चाचांच्या खोलीवर जवळजवळ पळतच गेलो. ते बॅग भरत होते. मी एका दमात सगळं सांगितलं, हात जोडले, माफी मागितली. त्यांनी शर्टाची घडी पुरी केली.

"मालकांकडं मी जातो," ते म्हणाले. "एकटा."

"चाचा, पण तुम्हाला इंग्लिश..."

"एकटा जातो, सायेब."

केबिनला काच आहे. मी बाहेर उभा राहून बघत होतो. चाचा खुर्चीत बसले होते, हातांनी नळी दाखवत होते, पिन दाखवत होते आणि बोलत होते. मालक मध्ये काही विचारत होते आणि चाचा उत्तर देत होते. दार उघडलं तेव्हा शेवटचं वाक्य माझ्या कानावर पडलं. दोघंही हिंदी बोलत होते. मालकांना चांगली हिंदी येत होती. इथल्या कितीतरी लोकांना येते. तीन वर्षांत मी कधी तपासून बघितलं नव्हतं, कारण मध्ये उभं राहायला मला आवडत होतं.

चाचा राहिले. करार दोन वर्षांचा झाला. रिसीव्हर आता आम्ही दर आठवड्याला फक्त पुसतो आणि वर कोरडा राहणारा स्प्रे मारतो. काम नसलं की दांडा काढून नळीला रबरी टोपण लावतो. तक्ता मी फाडून टाकला. काम चाचांच्या पद्धतीने चालतं आणि ते उत्तम चालतं.

फक्त त्या रविवारपासून चाचा माझ्याशी मराठीत बोलत नाहीत. भांडण नाही, तक्रार नाही. सलाम करतात, कामाचं विचारलं तर सांगतात. एकदा मी चिडून म्हणालो सुद्धा, की चाचा, अहो, मी काय परका आहे? ते हसले, मान हलवली आणि गाडी काढली.

आज सकाळी त्यांच्या गाडीला नवी पिन आणली. त्यांनी ती घातली, क्लिप लावली, दांडा धरून हलवून बघितला. मी बाजूला उकिडवा बसलो होतो.

"चाचा, नीट बसली ना?" मी विचारलं.

"जी सर," ते म्हणाले, "बराबर है."