साउथहॅम्प्टनच्या नोंदवहीतले खापरपणजोबा

प्रिय इरा आणि निषाद,

तुमची पणजी, म्हणजे माझी आई, माघात गेली. म्हणून हे आता लिहिते आहे. ती असताना या प्रवासाला निघण्याचे धैर्य मला झाले नाही.

तिचे वडील, तुमचे खापरपणजोबा दत्तात्रय महादेव पाळंदे, ती वर्षाची असताना इंजिनिअरिंग शिकायला विलायतेला आले. साउथहॅम्प्टनला उतरल्याचे एक पत्र घरी पोचले, पुढे काही नाही. त्यांनी मडमेशी लग्न केले, असे गावाने ठरवून टाकले. शाळेत मुली आईला "तुझी नवी आई गोरी ना गं?" म्हणून चिडवत. मी लंडनजवळ वॉटफर्डला राहायला आले तेव्हा आई एकदाच म्हणाली, "शोधू नकोस. सापडले तर आणखी लाज."

मागच्या महिन्यात तुमचे आजोबा आणि मी साउथहॅम्प्टनला निघालो. लंडनमध्ये युस्टनला उतरून वॉटर्लू स्टेशन, तिथून दुसरी गाडी. माझ्याजवळ फाइल, दोन पेन्सिली (अभिलेखागारात पेन चालत नाही) आणि डब्यात दशम्या (दुधात भिजवलेल्या पिठाच्या भाकऱ्या).

"आजेसासऱ्यांना पकडायला वॉरंट घेऊन निघालीस की काय?" आजोबांनी विचारले.

"अहो, हळू बोला."

"इथे कोणाला मराठी कळतंय?"

"मला कळतं, काका," समोरची मुलगी हसून म्हणाली. ती नागपूरची, साउथहॅम्प्टनला डॉक्टर. "कोणाला पकडताय?"

मी सांगितले. तिचे हसू मावळले. उतरताना तिने आमची बस दाखवून दिली, आणि मी नको म्हणत असताना स्वतःची छत्री मला दिली.

पाऊस भुरभुरत होता. बंदरात एक क्रूझ बोट गावातल्या इमारतींपेक्षा उंच उभी होती.

अभिलेखागारातल्या बाईंनी काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) मृत्यूंची सूची आणि दफनभूमीच्या नोंदवह्या दाखवल्या. पाळंदे कुठेही नव्हते. मागची पुढची वर्षे पाहिली. विवाहांच्या सूचीतही नव्हते, आणि खरे सांगते, तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. दुपारी बाहेरच्या बाकावर, छत्रीखाली दशम्या खाल्ल्या. परत जावे, असे मी म्हणाले.

आजोबा घास हातात धरून थांबले. "अगं, पहिल्या नोकरीत मला वर्षभर सगळे मिस्टर यशवंत म्हणायचे. माझ्या बाबांच्या नावानं! आपण आपलं नाव सांगतो, मग वडिलांचं. आडनावापर्यंत पोचेतो यांचं लिहून झालेलं असतं. 'महादेव' बघितलंस का?"

नव्हते बघितले. माझ्यासारख्या काटेकोर बाईला ते सुचले नव्हते.

आत जाऊन दफनभूमीची नोंदवही पुन्हा उघडली. महादेव, दत्तात्रय. वय चोवीस. विद्यार्थी. पुढे बंदराजवळच्या गल्लीचा पत्ता आणि थडग्याचा क्रमांक.

"सापडले का?" बाईंनी विचारले. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले. आजोबांनीच "हो" म्हटले, आणि मग दिवसभर एकही थट्टा केली नाही.

संध्याकाळी दफनभूमीत गेलो. त्या क्रमांकाची जागा म्हणजे नुसते गवत. एकेका खड्ड्यात अनेकांना पुरलेले, दगड कोणालाच नाही. ज्याला अग्नी मिळायला हवा होता, तो त्या चिखलात होता. आजोबांनी चपला काढल्या. मीही काढल्या.

मृत्यूचा दाखला मागवला होता, तो काल पोस्टाने वॉटफर्डला आला. न्यूमोनिया. पत्रावरची तारीख आईला पाठ होती; त्यानंतर अकराव्या दिवशी. खबर देणारी घरमालकीण, "मृत्यूसमयी हजर". तिला बिचारीला त्यांचे पुरते नावही ठाऊक नव्हते, मग घरी कळवणार कुठे?

मडम नव्हती, दुसरा संसार नव्हता. माझ्या आजीने जन्मभर कुंकू लावले. आई पंच्याण्णव वर्षे टाकून दिलेली मुलगी म्हणून जगली. आणि मी चाळीस वर्षे तिथून दोन-तीन तासांच्या अंतरावर राहत होते. तिचे ऐकले, असे मी स्वतःला सांगत आले. खरे म्हणजे मलाही काय सापडेल याची भीती होती. तुम्ही मोठे झाल्यावर हे माझ्याबद्दलही लक्षात ठेवा.

त्यांचे पत्र पुरात गेले. फोटो कधी नव्हताच. दफनभूमीच्या नोंदवहीतली ती ओळ मात्र आहे; शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते.