बाईंचे बत्तीस कागद

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी बाईंचा विषय काढला की मी हवापाण्यावर यायचो. आता वयाची अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. आणखी किती टाळणार? म्हणून लिहितो.

“आधी शिक्का मारा, भाऊ. गोळ्या मग.”

बाई दुकानात आल्या की पहिलं वाक्य हे. माझं औषधांचं दुकान मुलुंड पूर्वेला होतं. बाई तिथून चार गल्ल्या पलीकडच्या शाळेत गणित शिकवायच्या. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळची शाळा सुटली की यायच्या. पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी काढायच्या. मी तिच्या मागे दुकानाचा शिक्का मारायचा, तारीख घालायची आणि कितव्यांदा औषध दिलं तो आकडा लिहायचा. मग बाई त्या ओल्या शाईवर फुंकर घालायच्या. वहीवरची खडूची पूड उडवावी तशी, हलकी. शाई वाळल्याशिवाय कागद पिशवीत जायचा नाही.

तेव्हाच्या आमच्या धंद्याची रीत तुम्हाला माहीत असेल. ऐंशीच्या दशकात चिठ्ठी कोण बघत होतं? गिऱ्हाईक जुनं रिकामं पाकीट दाखवायचं, “हे द्या”, आणि आम्ही द्यायचो. एकदा डॉक्टरांनी लिहिलेलं औषध लोक पाच-पाच वर्षं घ्यायचे. त्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला तरी घ्यायचे. नियम होता, शिक्काही होता, पण तो खणात पडलेला. बाईंमुळे तो काउंटरवर आला.

गोळ्या उदासीच्या होत्या. डिप्रेशन हा शब्द तेव्हा आमच्याकडे फारसा कुणी वापरत नसे. लोक सरसकट ‘डोक्याच्या गोळ्या’ म्हणायचे आणि तसं म्हणताना आवाज खाली आणायचे. बाईही हळू बोलायच्या. मी पाकीट खाकी कागदात बांधून द्यायचो.

दर तीन महिन्यांनी चिठ्ठी संपायची. मग बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जायच्या. मानसोपचाराची ओपीडी, केसपेपर, लाकडी बाक, दोन-दोन तास. डॉक्टर झोपेचं विचारायचे, भुकेचं विचारायचे, मग नवी चिठ्ठी लिहायचे. आत मजकूर बहुतेक वेळा तोच. मला ते बघून हसू यायचं.

एकदा म्हटलंसुद्धा, “बाई, औषध तेच, गोळ्या तेवढ्याच. कशाला हेलपाटे घालता? मी देतो ना.”

“तुम्ही द्याल हो. पण मला बघणार कोण?”

“तुम्हाला कळतंच की बरं वाटतंय ते.”

“नाही कळत,” बाई म्हणाल्या. “तेच तर दुखणं आहे. माझं काय बिनसतंय ते मला सगळ्यात शेवटी कळतं. वर्गात फळ्यासमोर उभी होते, हातात खडू, आणि हात वर उठेना. पोरं म्हणाली, बाई, बरं नाही का? मी म्हटलं, छान आहे मी. तशीच उभी होते तास संपेपर्यंत.”

मग एकदम हसल्या. “तुमचे तराजू दरवर्षी तपासून घेता ना? तसं समजा. शिक्का मारा.”

एका वर्षी रुग्णालयात डॉक्टरांचा संप झाला. चिठ्ठी संपलेली. मी दोन पाकिटं पुढे केली, “घ्या बाई, मागाहून चिठ्ठी आणा.” बाईंनी बोटानं ती परत सरकवली. “आठवड्याच्या गोळ्या मी कायम शिल्लक ठेवते. माका म्हायत आसा, कोणाचो भरवसो नाय.” बाई मूळच्या मालवणकडच्या, वडील गिरणीत होते. चिडल्या की किंवा खुशीत असल्या की मालवणी यायची. पाचव्या दिवशी संप मिटला, सहाव्या दिवशी बाई नवी चिठ्ठी घेऊन हजर. चेहऱ्यावर असा भाव, की जणू मीच परीक्षेत नापास झालोय.

शाळेत हे सगळं एकाच माणसाला ठाऊक होतं. चित्रकलेच्या सुलभाबाई. अगदी सुरुवातीला, गोळ्या चालू होण्याआधी, बाईंना घराबाहेर पाऊल टाकवत नव्हतं तेव्हा, याच त्यांना हात धरून ओपीडीत घेऊन गेल्या होत्या. दोघी मधल्या सुट्टीत एका डब्यात जेवायच्या. दुकानात बरोबर आल्या तर सुलभाबाई बाहेर पायरीवर थांबायच्या आणि ओरडायच्या, “अगं, फुंकून झालं का? का आता पंखा लावायला सांगू भाऊंना?”

आता माझ्याकडे येतो.

शाळेच्या संस्थेचे चिटणीस माझं गिऱ्हाईक होते. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायचे, आठवण झाली तर. वजनदार माणूस. काउंटरवर कोपर टेकून उभे राहायचे आणि मला ‘डॉक्टर’ म्हणायचे. मी साधा डिप्लोमावाला फार्मासिस्ट. चार गिऱ्हाइकांसमोर असा माणूस डॉक्टर म्हणतो, याचं मला फार अप्रूप होतं.

एका शनिवारी बाई बाहेर पडल्या आणि हे आत आले.

“काय डॉक्टर, आमच्या बाईंना काय झालंय? दर महिन्याला दिसतात इथं.”

‘किरकोळ आहे’ एवढं म्हणून विषय संपला असता. मी म्हणालो, “दर महिन्याला काय, आठ वर्षं चालू आहे.” मग काउंटरवरून थोडा वाकलो आणि म्हणालो, “डोक्याच्या गोळ्या आहेत.”

“असं?” चिटणीस म्हणाले. “बघा, तुम्हाला सगळं माहीत असतं.”

मला त्या क्षणी बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. मला बरं वाटलं होतं.

महिन्याभरात मुख्याध्यापक निवृत्त होणार होते. सेवेत सर्वांत ज्येष्ठ बाई. मला ते ठाऊक नव्हतं, चिटणीसांना होतं. त्यांना त्या खुर्चीवर दुसऱ्याच एका सरांना बसवायचं होतं. पण ज्येष्ठ माणसाला डावलायचं तर त्याच्याकडून नकाराचा कागद घ्यावा लागे: ‘मला हे पद नको, माझी हरकत नाही.’ त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. गोड आवाजात म्हणाले, “प्रकृती सांभाळा बाई. त्या गोळ्या, ते सगळं आम्हाला कळलंय. कशाला डोक्याला ताप? एक कागद लिहून द्या, चार ओळींचा.”

बाई तिथून उठल्या त्या थेट सुलभाबाईंकडे गेल्या.

“तू सांगितलंस.”

“मी? वेडी आहेस का गं? मी कशाला सांगेन?”

“तुझ्याशिवाय शाळेत कुणाला माहीत होतं?”

त्या दिवसापासून डबे वेगळे झाले. हे मला बाईंनीच दुकानात सांगितलं, काउंटरच्या पलीकडे उभ्या राहून. म्हणाल्या, “सख्खी बहीण समजत होते हो मी तिला.” माझ्या हातात शिक्का होता. मी तो मारला, तारीख घातली आणि आकडा लिहिला.

वाटलं होतं, बाई मोडतील. कागद लिहून देतील आणि घरी बसतील. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

पुढच्या गुरुवारी बाई ताठ मानेनं दुकानात आल्या. “भाऊ, शनिवारी पाच वाजता शाळेत यायचं. कार्यकारिणीची सभा आहे. मी साक्षीदार आणणार म्हणून कळवलंय.”

“साक्षीदार? कोण?”

“तुम्ही. शिक्के कुणाचे आहेत?”

गेलो. नाही कसं म्हणणार? लांबलचक टेबल, हिरवं कापड. एका टोकाला संस्थेचे अध्यक्ष, निवृत्त वकील, कानात श्रवणयंत्र. शेजारी चिटणीस. मला दारात बघून त्यांच्या भुवया वर गेल्या, मग ओठ थोडे हलले. ते हसू होतं. मी खाली बघितलं.

“बाई,” चिटणीसांनी सुरुवात केली, “सातशे मुलांची जबाबदारी आहे. तुम्हाला आजार आहे. आहे की नाही?”

“आहे.”

ते जरा गडबडले. त्यांना ‘नाही’ची तयारी होती.

“उदासीचा आजार आहे,” बाई मोठ्यानं म्हणाल्या. अध्यक्षांना ऐकू जावं इतक्या. “आठ वर्षं झाली. रोज गोळ्या घेते. हे बघा.”

आणि त्यांनी फाईल उघडली. बत्तीस चिठ्ठ्या, तारखेच्या क्रमानं, टाचलेल्या. प्रत्येकीवर डॉक्टरांनी तपासून केलेली नोंद. प्रत्येकीमागे माझे तीन-तीन शिक्के. शहाण्णव महिने.

“भाऊ, शिक्के तुमचेच?”

“हो.”

“एखादा महिना चुकलाय?”

“एकही नाही.”

“आता हे,” बाईंनी दुसरा कागद ठेवला, “शाळेचं हजेरीपत्रक. आठ वर्षांत माझ्या रजा फक्त ओपीडीच्या, त्याही अर्ध्या दिवसाच्या. दहावीचा गणिताचा निकाल पाठीमागे लावलाय. ज्या सरांचं नाव पुढे आहे त्यांच्या रजा मी मोजल्या नाहीत. तुम्ही मोजा.”

अध्यक्ष एकेक चिठ्ठी उलटत होते. पाठपोट बघत होते. चौथ्या-पाचव्या कागदावर थांबले आणि मान वर केली.

“मला मधुमेह आहे,” ते म्हणाले. “माझी चिठ्ठी कुठं आहे ते मला माहीत नाही. हिला विचारावं लागेल घरी.” सगळे हसले. “चिटणीस, तुम्हाला प्रेशर आहे ना? शेवटचं कधी दाखवलंत?”

चिटणीस म्हणाले, “दाखवतो की. नियमित.”

त्यांनी दोन वर्षांत डॉक्टरांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मला पक्कं ठाऊक होतं. पण या खेपेला मी तोंड बंद ठेवलं. बघा, गुपित राखायचं कसं ते मला येत होतं.

“आजाराची इतकी व्यवस्था जी बाई ठेवते,” अध्यक्ष फाईल मिटत म्हणाले, “तिच्या हाती शाळा द्यायला मला काही भीती वाटत नाही. नकाराचं पत्र लिहिताय का, बाई?”

“पत्र लिहिते,” बाई म्हणाल्या, “पण नकाराचं नाही.” आणि तिथंच, हिरव्या कापडावर कागद ठेवून, पद स्वीकारत असल्याच्या चार ओळी लिहिल्या. खाली सही केली. सवयीनं तिच्यावरही फुंकर घातली.

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “भाऊ, तुमच्यासारखा माणूस दुकानात बसलाय म्हणून निभावलं हो. मैत्रिणीनं दगा दिला, तुम्ही नाही दिलात.”

शाळेच्या फाटकापासून माझ्या दुकानापर्यंत चार गल्ल्या. चारही गल्ल्या आम्ही बरोबर चाललो. सांगायला पुरेसा रस्ता होता.

पुढच्या महिन्यात बाई आल्या तेव्हा दुकान भरलेलं होतं. आत शिरतानाच, वर्गात हजेरी घ्यावी त्या आवाजात: “भाऊ, माझ्या उदासीच्या गोळ्या द्या. आणि तो खाकी कागद नको. गोळ्या आहेत, चोरीचा माल नाही.” मागे एक गिऱ्हाईक बाई कधीची मुठीत चिठ्ठी चुरगाळून उभी होती. तिनं ती उलगडली आणि काउंटरवर ठेवली. तीच गोळी.

“शिक्का मारून घ्या हं,” बाई तिला म्हणाल्या. “आणि तीन महिन्यांनी परत दाखवायला जायचं. बरं वाटलं तरी. बरं वाटलं तर आधी जायचं!”

त्यानंतर आमच्या भागात ही रीतच झाली. कुणी पलीकडच्या गल्लीतून, कुणी कांजूरहून यायचं, “मोठ्या बाईंनी पाठवलंय, शिक्का मारा.” मी चिठ्ठीशिवाय औषध देणं बंद केलं. लोक भांडले, चार गिऱ्हाइकं तुटली, पण बंद केलं ते केलं.

मुख्याध्यापिका असतानाच एकदा डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करून बघितल्या. दोन महिन्यांत उदासी परतली. मला वाटलं बाई खचतील. त्या नवी चिठ्ठी घेऊन आल्या, पूर्वीइतक्याच गोळ्यांची. “वजाबाकी जमली नाही. पुन्हा करून बघू.” एवढंच. पुढच्या खेपेला अर्धी कमी झाली, आणि ती टिकली. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या दुकानाला पेढे वाटले, अर्ध्या गोळीचे.

बाई मुख्याध्यापिका म्हणून सन्मानानं निवृत्त झाल्या आणि दहिसरला मुलीजवळ राहायला गेल्या. एका रविवारी मी धीर करून तिथं गेलो. जाताना वाक्य पाठ केलं होतं.

“या, भाऊ!” बाईंनी दार उघडलं. तब्येत छान, आवाज तोच. खोबऱ्याच्या वड्या पुढे ठेवल्या. मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, “तुम्हाला सांगायचंच होतं. सुलभा येऊन गेली. दहा वर्षांनी. मीच पत्र टाकलं, ये म्हणून. म्हटलं, जाऊ दे गं, तेव्हा बोललीस ते बोललीस. माझी काय वाट लागली नाही, उलट मोठ्या बाई झाले. मी तुला माफ केलं.”

“मग? त्या काय म्हणाल्या?”

“काही नाही. माझ्याकडे बघत बसली. मग थोडी रडली, आणि म्हणाली, बरं झालं बोलावलंस.” बाईंचे डोळे चमकत होते. एखादं अडलेलं गणित सुटल्यासारखे. “म्हणजे बघा, तिलाही इतकी वर्षं ते लागून राहिलं होतं.”

सुलभाबाईंनी ‘मी नव्हते गं’ असं दुसऱ्यांदा म्हटलं नाही. न केलेल्या गोष्टीची माफी पदरात घेतली आणि मैत्रीण परत मिळवली. मी वडी खाल्ली, चहा प्यायलो. स्वतःला सांगितलं, आता बोललो तर यांचा आनंद जाईल. ते खरंही होतं. पण मी गप्प बसलो ते त्यासाठी नव्हे. मला भीती वाटली, म्हणून.

पुढच्या वर्षी बाई गेल्या. झोपेत, शांतपणे, असं मुलीनं कळवलं. सुलभाबाई कुठं आहेत, मला माहीत नाही. कुणाला ठाऊक असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. दहिसरला जाताना पाठ केलेलं वाक्य अजून जसंच्या तसं आठवतं.

बाई, सुलभाबाईंनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. माझं चुकलं, मला माफ करा.